बावीस लेकरं आणि एक टेबल

७ जानेवारी २००२, सोमवार

अंगणवाडीच्या रजिस्टरात सगळं नीटनेटकं लिहावं लागतं. हजेरी, वजन, खिचडी किती शिजली. 'आज मला रडू आलं' असं लिहायला तिथं रकाना नाही. म्हणून ही वही काढली. बारावीच्या वेळची आहे. अर्ध्या पानांवर भूगोलाच्या नोट्स, बाकीची कोरी.

नेमसिंग तांड्यावर सेविका म्हणून रुजू होऊन मला आज महिना झाला. तांडा आमच्या गावापासून अर्ध्या कोसावर, ओढा ओलांडला की माळावर. चाळीसेक घरं, सगळी बंजारा. अंगणवाडी समाजमंदिरात भरते. एक खोली, वर पत्रे, पुढं एक दार, मागच्या भिंतीला गज लावलेली एक खिडकी. पटावर पंचवीस लेकरं, येतात वीस-बावीस.

मदतनीस जिवनबाई तांड्यातलीच. वय पन्नाशीच्या पुढं, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आधीची सेविका सोडून गेल्यावर सहा महिने हिनंच एकटीनं अंगणवाडी चालवली. मला 'बाई' म्हणते, पण अशा सुरात की मी उगाच पदर सारखा करते.

लेकरं घरी गोरमाटी बोलतात. माझं मराठी ऐकून नुसती तोंडाकडे बघत बसतात, आमच्या सासऱ्यांची मेंढरं नव्या माणसाकडे बघतात तशी. आणि सुटी झाली की जिवनबाई ओढ्यापर्यंत माझ्या मागं येते. रोज! मी किती वाजता निघते यावर हिची नजर. तांड्यातली कुत्री तिला बघून गप्प बसतात, एवढाच काय तो फायदा.

१६ जानेवारी, बुधवार

दोन दिवस कळमनुरीला प्रशिक्षण झालं. गेल्या वर्षी गुजरातेत भूकंपात एवढी माणसं गेली, तेव्हापासून वरून आदेश आलाय की लहान लेकरांच्या जागी संकटाची तयारी पाहिजे. शिकवायला आलेले सर पुण्याकडचे होते. भूकंप आला तर टेबलाखाली जायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. आग लागली तर वाकून, एका रांगेत बाहेर पडायचं, ठरलेल्या जागी जमायचं आणि मोजायचं. दर महिन्याला सराव.

सगळ्या सेविका हसत होत्या. मी हसले नाही. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी शाळेत शिकत होते. माहेरी आमच्या घरातली उतरंड खाली आली होती, आणि आई आम्हा तिघा भावंडांना सोडून आधी दाराची कडी शोधत होती. सापडेचना. रोजच्या घरात रोजची कडी सापडली नाही तिला. ते मला अजून आठवतं.

आमच्या सुपरवायझर शकुंतलाबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये मी येऊन बघणार. कागदावरचा सराव मला चालत नाही."

मी ठरवलंय, जिल्ह्यात एक नंबर सराव आमच्या तांड्याचा.

२१ जानेवारी, सोमवार

भूकंपाचा पहिला सराव.

शाळेच्या गुरुजींनी मला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा दिला होता. तो दारात टांगला आणि नटबोल्टानं वाजवला. टण टण टण टण. लेकरं आनंदानं नाचायला लागली.

मी सांगितलं, "भूकंप आलाय! टेबलाखाली चला!"

टेबल एकच. लेकरं बावीस. हे मला कळमनुरीत सुचलंच नव्हतं. टेबलाखाली सहा मावली, बाकी सोळा एकमेकांच्या अंगावर पडली. विकास नावाचा पाच वर्षांचा पोरगा आहे, आवाज असा की ओढ्यापलीकडे जाईल. तो ओरडून राहिला, "माझा पाय! माझा पाय!" बघते तर पाय दुसऱ्याच पोराचा होता.

मग उरलेल्या सोळांना भिंतीकडेला बसवून डोक्यावर पाट्या धरायला लावल्या. जिवनबाई दारात उभी राहून तोंडावर पदर घेऊन हसत होती.

एक गोष्ट मात्र झाली. पुजा नावाची मुलगी आहे, साडेतीन वर्षांची, काडीसारखी. महिन्याभरात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती सगळ्यात आधी टेबलाखाली गेली आणि दोन्ही हातांनी पाय धरून बसली. मी म्हटलं, "शाब्बास पुजा! तीन टोल होईपर्यंत पाय सोडायचा न्हाई हं." मग मी तीन टोल दिले. तिनं पाय सोडला आणि हसली. पहिल्यांदा! खिचडीही तिनं टेबलाखालीच बसून खाल्ली.

२८ जानेवारी, सोमवार

आज आगीचा सराव. टोल दिले, "आग! आग! रांगेत बाहेर चला," असं तीनदा सांगितलं. कुणी बाहेर निघालं नाही. अर्धी टेबलाकडं पळाली. मी घसा कोरडा होईपर्यंत ओरडले. तेवढ्यात जिवनबाईनं खिचडीचं पातेलं उचललं, "चालो," म्हणाली आणि बाहेर निघाली. तिला पातेलं घासायला न्यायचं असेल. त्याच वेळी लेकरांना माझ्या घंटेचा अर्थ कळला आणि सगळी रांगेनं बाहेर आली. उशीर झाला, पण कळलं तर खरं. शिकवलेलं वाया जात नाही.

जमायची जागा मी समाजमंदिराच्या मागं ठरवली आहे. तांड्याचे नायक गुलाबसिंग यांची कडब्याची मोठी गंज तिथं आहे, तिची सावली पडते. जिवनबाई म्हणाली, "बाई, तिथं नको. लेकरायला सेवालाल महाराजांच्या ओट्यावर न्या."

"काहून? ओटा उन्हात आहे."

"कडबा आहे तिथं."

"मग? कडबा काय चावून राहिला का?"

ती पातेलं उचलून आत गेली. हिला प्रत्येक गोष्टीत आडवं यायची सवय आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार

पुजाची आई मिना आज भांडायला आली. म्हणजे मला वाटलं भांडायला आली.

"बाई, तुमी माझ्या लेकराला काय करून ठेवलं? काल माझ्या हातून तवा पडला. हे पोरगं गेलं बाजेखाली. बाहेर येईना. जेवायला येईना. म्हणे टोल झाले न्हाई."

"मग?"

"मग काय! सासऱ्यानं थाळी वाजवली तीनदा, तवा कुठं बाहेर आली." आणि ती स्वतःच हसत सुटली.

विकासच्या घरचं वेगळंच. आजोबांनी बिडी पेटवली की तो त्यांना ओरडतो, "धूर! वाका!" आणि हात धरून ओढत घराबाहेर नेतो. म्हाताऱ्याची दिवसाला चार वेळा वरात निघते. म्हातारा म्हणतो, "बिडी सुटली माझी, पण कंबर गेली."

घरी सांगितलं तर अंगद (माझे मालक) म्हणाले, "तू अंगणवाडी चालवून राहिली का फौज?" सासूबाई, चंद्रभागाबाई, मात्र गंभीरपणे म्हणाल्या की आपल्या मेंढरांनाही शिकव.

हसायला येतं, पण मनात एक खटकतं. हे सगळं खेळच झालाय. खरंच काही झालं तर यातलं काय उपयोगी पडेल? मला स्वतःलाच ठाऊक नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज आगीचा सराव दोन मिनिटांत. घड्याळ लावून बघितलं. जिवनबाई नेहमीसारखी मध्येच पातेलं घेऊन चालली होती, तिला मी बाजूला व्हायला सांगितलं नाही, उगाच वाद नको. बाहेर गंजीच्या सावलीत लेकरं मोजली, वीस. हजेरीपटावर वीस. बराबर!

आता शकुंतलाबाई खुशाल येऊ देत.

२० मार्च, बुधवार

आल्या. आणि माझी फजिती झाली.

आज जिवनबाई नव्हती. तिची लेक डोंगरकड्याला दिली आहे, तिचं बाळंतपण, म्हणून काल गेली. मला वाटतं तिनं मुद्दाम हाच दिवस धरला. बाळंतपणं काय मुद्दाम धरून होतात का, असं आता लिहिताना वाटतंय, पण दुपारी तसंच वाटलं होतं.

मी टोल दिले. लेकरं उठली आणि उभीच राहिली. दाराकडे बघून राहिली. मी म्हटलं बाहेर चला. दाराकडे बघून राहिली. मी एकेकाचा हात धरून बाहेर काढलं. दोघी परत आत गेल्या. विकासनं मोठ्यानं विचारलं, "पातेलं कुठंय?"

शकुंतलाबाईंनी घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं.

"साधना, लेकरं दाराकडे कुणाला बघून राहिली होती?"

"तुम्हाला बघून बावरली, मॅडम."

"मी तर खिडकीपाशी होते."

त्यांनी रजिस्टरात 'सुधारणा आवश्यक' लिहिलं आणि पुन्हा येईन म्हणून गेल्या. मी टेबलापाशी बसून राहिले. पुजा आली, टेबलाखाली गेली आणि माझ्या पायावर डोकं ठेवून बसली. एवढंच.

२९ मार्च, शुक्रवार

धुळवड. सुटी. अंगदनी मला मुद्दाम तांड्याची होळी बघायला नेलं. जिवनबाई आरशाचा घागरा-कांचोळी घालून बायांच्या घोळक्यात नाचत होती. नातू झालाय तिला. मला बघितलं आणि हात धरून मध्ये ओढलं. मला ते पाय जमत नाहीत. तिनं माझा हात सोडला नाही. अर्धा तास. घरी येऊन खांदा शेकला.

१९ एप्रिल, शुक्रवार

काल जे झालं ते आज लिहिते. काल हातात पेन धरवत नव्हतं.

उन्हाळ्यामुळं अंगणवाडी सकाळी साडेसातला भरते. तांड्यात गुलाबसिंग नायकाच्या पुतणीचं लग्न, काल हळद होती. दोन दिवसांपासून पाहुणे येऊन राहिले. नायकाच्या घराशेजारी मोठं चुलाण खोदलं होतं, त्यावर वरणाचे हंडे. सकाळपासून वारं सुटलं होतं. हजेरी घेतली, बावीस. मी लेकरांना चिमणीचं गाणं शिकवत होते. जिवनबाई बाहेर भांडी घासत होती.

नऊ वाजले असतील. अचानक टोल वाजायला लागले. टण टण टण टण, थांबेचनात. मी चिडून दाराकडे गेले, कुण्या पोराचा उद्योग म्हणून. जिवनबाई होती. आजपर्यंत तिनं त्या रुळाला हात लावला नव्हता. राखेच्या हातानं बोल्ट धरून वाजवत होती.

"बाई, गंज पेटली!"

चुलाणातल्या ठिणग्या वाऱ्यानं कडब्यावर गेल्या होत्या. मागच्या खिडकीतून धूर आत येत होता. डोक्यात काहीच नाही. पण तोंड आपोआप बोललं, "वाका. रांगेत. बाहेर." आणि लेकरं खरंच वाकली. विकास पुढं, त्याच्या मागं बाकीची, एकमेकांचे सदरे धरून. कुणी रडलं नाही. त्यांना वाटलं सराव आहे.

दारातून बाहेर पडले आणि मी रांग कुठं वळवली? मागं. गंजीकडे. तीन महिने तिकडंच नेत होते ना!

जिवनबाई दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. "तिकडं न्हाई! ओट्यावर! चालो, चालो!" लेकरं तिच्या मागं वळली. मग मीही. कोपऱ्यावर मागं बघितलं तर गंजीच्या सावलीची जागा दिसतच नव्हती, नुसता जाळ.

सेवालाल महाराजांच्या ओट्यावर लेकरं बसवली आणि मोजली. वीस, एकवीस, बावीस. पुन्हा मोजली. बावीस. मी खाली बसले. वाटलं, झालं. जमलं.

जिवनबाई मात्र बसली नाही. एकेकाच्या डोक्याला हात लावत, नाव घेत चालली होती. मला वाटलं, ही काय करून राहिली, मोजून तर झालं. शेवटून तिसऱ्या पोरीपाशी ती थांबली. पिवळा नवा फ्रॉक, डोळ्यात काजळ.

"ही कोणाची?"

पोरगी म्हणाली, "मी नरसीची."

नरसी गावाहून आलेल्या लग्नाच्या पाहुण्यांची लेक होती. धावपळ बघून आमच्या रांगेत येऊन बसली होती.

जिवनबाईनं माझ्याकडे बघितलं. "बाई, मग पुजा कुठंय?"

मी उठून पळाले. कशी पळाले ठाऊक नाही. समाजमंदिराच्या दारात माणसं घागरी घेऊन धावत होती, गंजीवर पाणी टाकत होती. जिवनबाई माझ्या मागंच होती. तिनं कुणाच्या तरी हातातली घागर ओढली आणि माझ्या डोक्यावर उपडी केली. "तोंडाला पदर धरा! वाका!" ती पण आत येत होती, नायकानं तिला दंडाला धरून थांबवलं, एकाच वेळी दोघी नको म्हणून.

आत काही दिसत नव्हतं. धूर वरच्या अंगाला होता, खाली जमिनीलगत थोडं दिसत होतं. खिडकीतून ठिणग्या येऊन गुंडाळलेल्या सतरंजीवर पडत होत्या, ती धुमसत होती. मी गुडघ्यावर रांगत गेले. मला ठाऊक होतं ती कुठं असेल.

टेबलाखाली. डोळे मिटून, दोन्ही हातांनी टेबलाचा पाय कवटाळून.

"पुजा, चल!" मी ओढलं. सुटेना. काडीसारखे हात, पण सुटेनात. "पुजा, सोड! आग लागली!" टेबलासकट सरकली, पण पाय सोडला नाही.

डोळे न उघडता म्हणाली, "टोल न्हाई झाले."

रूळ बाहेर दारात. माझ्या हातात काही नाही. मी तोंडानं म्हटलं, "टण." खोकला आला. "टण." आणखी खोकला. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. वाट बघून राहिली. मी सगळा जीव गोळा करून म्हटलं, "टण!"

तिनं लगेच पाय सोडला.

बाहेर आलो तेव्हा मिना माती उडवत धावत येत होती. लेकीला छातीशी धरून ती खाली बसली आणि पुजाचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली. पुजा आईला म्हणाली, "याडी, मी पाय सोडला न्हाई."

माझा उजवा तळहात थोडा भाजलाय, कशावर टेकला आठवत नाही. पुजाला आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी छाती तपासली, ठीक आहे म्हणाले. पत्रे काळे झाले, सतरंजी गेली. गंजीची राख. माणूस, जनावर, सगळे सुखरूप. हळद दुपारी लागलीच.

२० एप्रिल, शनिवार

झोप नीट लागत नाही. एकच विचार. त्या पोरीला तिथं मी बसवलं. दोन संकटं शिकवली आणि घंटा एकच ठेवली. वर 'शाब्बास' म्हणून घट्ट बसवलं. आणि बावीस मोजून खाली बसले. जिवनबाई नसती तर?

सकाळी तिच्या घरी गेले. ती नातवासाठी गोधडी शिवत होती. मी तिला सगळं सांगितलं, की चूक माझी आहे, शकुंतलाबाईंना तसं लिहून देणार आहे, नोकरी गेली तर गेली.

तिनं सुई थांबवली नाही. म्हणाली, "लिहा. खरं ते लिहा. पण हे बी लिहा का लेकरं वाकून आली. रडली न्हाई. चेंगरली न्हाई. ते कोणी शिकवलं?"

"ती तुमचं ऐकतात, जिवनबाई. माझं न्हाई ऐकत." हे मी बोलले तेव्हा मलाच नवल वाटलं. इतके दिवस ही गोष्ट माझ्या नाकासमोर पातेलं घेऊन चालत होती.

"माझं ऐकतेत कारण मी त्यायच्या बोलीत बोलते. पुजानं तुमचं ऐकलं. इतकं ऐकलं का जीव गेला असता तरी सोडलं नसतं." मग दोरा तोडत म्हणाली, "आता त्यायला काय सांगायचं ते नीट ठरवा. लेकरं शब्द पाळतेत, बाई."

मी तिथंच रडले. रजिस्टरात रकाना नाही तेच. तिनं रडू दिलं, मग ताक दिलं.

मी विचारलं, "तुम्हाला पुजाच न्हाई हे कसं कळलं?"

"मला कुठं शंभरापर्यंत मोजता येते! मी घराघरानं नावं म्हणते. नायकाच्या घरापासून सुरू करायचं, तांड्याच्या टोकापर्यंत जायचं. कोण्या घरचं लेकरू बसलं न्हाई, ते घर मला रिकामं दिसते."

२४ एप्रिल, बुधवार

गुलाबसिंग नायकानं तांड्याची बैठक बोलावली. मला वाटलं आता अंगणवाडी बंद करा म्हणतील. नायक म्हणाले, "कडबा पुन्हा रचता येईल. आजपासून कोणाची गंज अंगणवाडीपाशी न्हाई, चुलाणापाशी न्हाई. सगळ्या ओढ्याकडच्या माळावर." विकासचे आजोबा उठले आणि म्हणाले, बिड्या पण तिकडंच जाऊन ओढाव्या. विकासनं टाळ्या वाजवल्या.

मग मिना उठली. बायकांतून, पदर सावरत. "बाईनं लेकरायला शिकवलं. आमाला काहून न्हाई शिकवलं? लेकरू अंगणवाडीत चार घंटे असते, बाकी दिवसभर घरी."

हे मला सुचलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट.

२ मे, गुरुवार

शकुंतलाबाई आल्या. माझं पाच पानी पत्र त्यांच्या हातात होतं. मी उभी होते, हात मागं बांधून. त्यांनी चष्मा काढला.

"सतरा वर्षं या कामात आहे. सरावात चूक झाली असं लिहून देणारी पहिली सेविका तू. बाकीच्यांचे सराव सगळे उत्तम असतात." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "आता कसं करणार ते दाखव."

मी म्हटलं, "मी न्हाई, मॅडम. आम्ही दोघी मिळून बसवलंय. आणि तुम्हाला सोमवारी यावं लागेल. सोमवारी आयाही येणार आहेत."

६ मे, सोमवार

तळहाताला नवी कातडी आली आहे, खाजते.

नवी पद्धत अशी. भूकंपाला टोल. आगीला टोल नाहीच, एकच हाक, "चालो!" ती मी मारली तरी लेकरं ऐकतात का, हे पंधरा दिवस रोज करून बघितलं. माझा उच्चार ऐकून विकास पोट धरून हसायचा, पण उठायचा. जिवनबाई रोज निरनिराळ्या ठिकाणी जाऊन बसायची, विहिरीवर, नायकाच्या घरी, म्हणजे लेकरांना तिच्याशिवायची सवय व्हावी. परवा माझ्या एकटीच्या हाकेवर सगळी बाहेर आली. टेबलाखाली बसलेली असली तरी हाक आली की पाय सोडायचा, हे पुजाला मी वेगळं शिकवलं. तिनं मला दोनदा विचारलं, "खरं ना?" मी दोनदा सांगितलं, खरं.

आज अठरा आया आल्या होत्या. शकुंतलाबाई खुर्ची नको म्हणाल्या, ओट्याच्या पायरीवर बसल्या.

मी "चालो!" म्हटलं. पुजा टेबलाखाली खेळत होती. तिनं पाय सोडला, वाकली, विकासचा सदरा धरला आणि बाहेर गेली. मी शेवटी खोलीत पाठीमागं नजर टाकली, टेबलाखाली, दाराआड, आणि मग बाहेर आले. ओट्यावर सगळी बसली. मीही लेकरांतच बसले, कारण नावं घ्यायचं काम आता जिवनबाईचं.

ती नायकाच्या घरापासून निघाली. घरं मनात चालत होती, नावं तोंडात. प्रत्येक लेकरू हात वर करत होतं. मिनाच्या घराशी आली, "पुजा," आणि पुजानं दोन्ही हात वर केले. तांड्याच्या टोकाला विकास, तो उभाच राहिला. नावं संपली. लेकरं उठायला लागली, शकुंतलाबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"बसा," जिवनबाई म्हणाली. "एक राहिलं."

मी गर्रकन मागं वळले, चेहरे बघितले, पुजा आहे, विकास आहे, सगळी आहेत. खोलीही बघून आले होते. "कोण?" मी विचारलं. "जिवनबाई, कोण राहिलं?"

ती घरं मोजतच होती. तांड्याच्या टोकाच्या पुढं, माळ उतरून खाली, बोटानं दाखवत.

"ओढ्यापल्याडची साधना," ती म्हणाली.

आया हसल्या, लेकरं माझ्याकडे वळून बघायला लागली. पुजानं माझी बाही ओढली आणि माझा हात धरून वर केला.

जिवनबाईनं मान हलवली.

"झालं," ती म्हणाली. "आता उठा."